पहाटेआधीची हाक

"रात्री दारावर टकटक झाली, तर तुम्ही पहिले काय करता?"

धर्मपालकाकांनी हे विचारलं तेव्हा तेलीबांधा वस्तीतल्या एका गच्चीवर पोरं अंधारात बसली होती. वीज जाऊन बराच वेळ झाला होता.

"टॉर्च ऑन करते हैं," अश्विन म्हणाला.

"मी मम्मीला उठवते," साक्षी म्हणाली. सगळे हसले.

"अन् 'कोण आहे' म्हणून आतून विचारत नाही कोणी?"

"विचारतो ना!"

"तेच नाही विचारायचं." काका हसले नाहीत. "रेल्वेत माझ्यासंग नीलकंठ साळवे होता, गार्ड. त्याच्या पोट्टीसंग झालेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर खाली जाऊन झोपा. पण मधात कोणी मले हाक मारू नका."

आणि काका सांगू लागले.

साळवे मूळचे अमरावतीकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. विनोदिनी त्यांची एकुलती एक. बारावी झाली आणि तिनं सिस्टर व्हायचं मनावर घेतलं. आई रडली. बाप एवढंच म्हणाला, "देवानंच मागितली, तर मी नाही कसं म्हणू?" सिलतऱ्याच्या अलीकडे एक मठ आहे. तिथं ती नॉव्हिस म्हणून राहू लागली. नॉव्हिस म्हणजे व्रत घेण्याआधी शिकणारी मुलगी. त्या वर्षी अशा दोघीच होत्या. विनोदिनी, आणि जशपूरकडची असरिता. पहाटे उठायचं, कारखान्यांची काळी धूळ व्हरांड्यातून झाडायची, प्रार्थना, स्वयंपाक, अभ्यास. रात्रीची प्रार्थना झाली की मौन. सकाळपर्यंत अक्षर बोलायचं नाही.

ते मौन मोडायचं सिस्टर फिलोमिनानं. म्हातारी बाई, एक पाय ओढत चालायची. पहाटे ती प्रत्येकीच्या दारावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "प्रभु की स्तुति हो!" आतून लगेच उत्तर द्यायचं, "ईश्वर को धन्यवाद!" आणि जिनं उत्तर दिलं, तिनं त्याच क्षणी अंथरूण सोडून तिच्या मागं चालू लागायचं. एकदा कूसही बदलायची नाही. देवाची हाक आली की थांबायचं नसतं, ही त्यातली शिकवण. पोरींना त्याची इतकी सवय झाली होती की स्वयंपाकघरात लाटणं पडलं तरी असरिता दचकून "धन्यवाद!" म्हणायची, आणि विनोदिनी पदर तोंडात कोंबून हसायची.

गेल्या दोन नोव्हेंबरची गोष्ट. रविवार. दुपारी सिस्टर फिलोमिना वारली. संध्याकाळी तिला पेटीत घालून चॅपलमध्ये, मठातल्या प्रार्थनाघरात, ठेवलं. माती दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मोठ्या सिस्टर मध्यरात्रीपर्यंत पेटीजवळ जपमाळ म्हणत बसणार होत्या.

असरिता तापानं फणफणली होती. चार दिवस ताप उतरत नव्हता. सिस्टर ग्रेसनं विनोदिनीच्या हातात पाण्याचं भांडं आणि पट्ट्या दिल्या.

"तू असरिता के पास बैठ, बेटा. डॉक्टर बोले हैं, आज की रात निकल गई तो बच जाएगी."

"अन् नाही निकली तर, सिस्टर?"

सिस्टर ग्रेसनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती जपमाळ घेऊन चॅपलकडे गेली.

विनोदिनी असरिताच्या खोलीत जाऊन बसली. पट्टी भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची. लगेच वाळायची. पलीकडची खोली विनोदिनीची स्वतःची, रिकामी. त्यापुढं जिना आणि खाली चॅपल. खिडकीतून कारखान्यांच्या भट्ट्यांचा लाल उजेड भिंतीवर हलत होता. असरिता मधूनच आईला काहीतरी सांगत होती, तिच्या बोलीत.

मध्यरात्र उलटून गेली. विनोदिनीचा डोळा लागला असावा.

जाग आली ती पावलांनी.

व्हरांड्यात कुणीतरी चालत होतं. एक पाऊल पडायचं. एक ओढलं जायचं.

पहाट झाली, असंच तिला वाटलं. ती उठायलाच निघाली. मग खिडकीकडे लक्ष गेलं. बाहेर काळोख होता...

पावलं दाराशी थांबली.

टक. टक.

"प्रभु की स्तुति हो."

तोच आवाज. थकलेला, मायेचा. थंडीत पोरींच्या अंगावर पांघरूण सारखं करणाऱ्या बाईचा.

विनोदिनीचं तोंड उघडलं. जिभेवर उत्तर आलंसुद्धा. आणि आजीचं बोलणं आठवलं. अमरावतीची आजी, गळ्यात क्रूस घालायची, तरी सांगायची, "रात्रीच्या हाकेले ओ देऊ नाही, बाई. ओ देल्ली का जा लागते."

तिनं दात घट्ट आवळले.

तेवढ्यात मागून क्षीण आवाज आला.

"ईश्वर को..."

असरिता. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

विनोदिनीनं झेप घेतली. तिच्या तोंडावर तळहात दाबला. तापलेले ओठ हाताखाली हलत राहिले. असरिताचा एक पाय खाटेवरून खाली आला. ती उठत होती... विनोदिनी सगळं अंग टाकून तिच्यावर आडवी झाली.

टक. टक.

"असरिता... प्रभु की स्तुति हो."

आता आवाज खालून येत होता. दाराच्या फटीतून. जणू कुणी वाकलं होतं.

विनोदिनी श्वास घेत नव्हती. हाताखालचे ओठ एकदा हलले. पुन्हा हलले. मग थांबले.

बाहेर शांत.

खूप वेळ शांत.

मग पाऊल उचललं गेलं. एक पडलं. एक ओढलं गेलं. पुढच्या दाराकडे.

विनोदिनीच्या जिवात जीव आला. पुढची खोली तिचीच. तिथं कुणी नव्हतं. उत्तर द्यायला कुणीच नव्हतं.

टक. टक.

"प्रभु की स्तुति हो."

आणि आतून उत्तर आलं.

"ईश्वर को धन्यवाद."

स्पष्ट. झोपेतून जागं झाल्यासारखं. विनोदिनीच्याच आवाजात.

खाट करकरली. दार उघडलं...

जिन्यावरून दोघींची पावलं खाली गेली. चॅपलकडे.

काका थांबले. साक्षीनं अश्विनचा हात धरला होता.

"फिर?" कुणीतरी हळूच विचारलं.

सकाळी असरिताचा ताप उतरला होता. ती विनोदिनीकडून पेज मागून प्यायली. तिला रात्रीचं काही आठवत नव्हतं. चॅपलमधला मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाल्यावर सिस्टर फिलोमिनाची पेटी उचलायला चार बाप्ये पुढे झाले. बाई मूठभर, आजारानं तर नुसती हाडं उरलेली. चौघांनी जोर लावला. पेटी जागची हलली नाही. सहा जण लागले, जणू आत दोघी होत्या.