हातभर खाली

बायको गेल्यावर नळवाल्याने स्वयंपाकघरातली एकच गोष्ट हलवली. फळीवरच्या तिच्या काचेच्या बरण्या रिकाम्या करून धुतल्या आणि त्यांत माती भरली.

माती समोरच्या बागेतली. नऊ जागी हातभर खोल पहार घालून काढलेली. प्रत्येक बरणीवर पट्टी चिकटवून जागा लिहिली: झोपाळा, घसरगुंडी, फाटक. अक्षर वाकडं, पण जागा बरोबर. त्या बागेतली पाण्याची लाइन वीस वर्षांपूर्वी त्यानेच टाकली होती.

तेव्हा चर खणताना काळीभोर माती लागली होती. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना होता, हे फार नंतर कळलं. काळी माती म्हणजे कसदार, एवढंच त्याला ठाऊक. दोन गोणी भरून घरी नेल्या. बायको हरखली. "न सांगता काहीतरी आणलंत म्हणायचं एकदाचं!" तिने उघड्या हातांनी खिडकीतल्या कुंड्या भरल्या. त्यातला पुदिना दोघांनी वीस वर्षं खाल्ला.

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरीणबाई तिच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबायच्या. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहायचा. शेवटी शेवटी ती स्वतःच दाबून बघायची. तिच्या खळग्याच्या कडेला बारीक खाच असायची. दाराच्या फटीत सापडून तिच्या अंगठ्याचं टोक तुटलं होतं.

बरण्या भरल्याच्या आठव्या दिवशी झोपाळ्याच्या बरणीत, मातीच्या मधोमध, एक खळगा दिसला.

माती खाली बसली असेल, असं म्हणून त्याने बरणी हलवून सारखी केली. दुसऱ्या दिवशी चार बरण्यांत खळगे होते. बाकीच्या पाच सपाट.

"बाबा, तुम्हीच दाबलं असेल," मुलगी म्हणाली. "जेवणाचं भान नाही तुम्हाला, याचं काय राहणार?"

नळवाला फळीकडे वळला. त्याने बरण्यांतली माती सारखी केली, झाकणं घट्ट लावली आणि वरून नळाची पांढरी टेप गुंडाळली. पाच फेरे आट्यांच्या दिशेने, दोन उलटे. ही त्याची स्वतःची रीत. दुसऱ्या कोणी सोडून परत गुंडाळली असती, तर लगेच ओळखलं असतं.

सकाळी टेप जशीच्या तशी होती. आत त्याच चार बरण्यांत खळगे. प्रत्येकाच्या कडेला खाच.

त्याने त्या चार पट्ट्यांवरच्या जागा वाचल्या. मग पहार घेऊन बागेत गेला.

शनिवार होता. मातीच्या तक्रारीमुळे बंद ठेवलेला मुलांचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडणार होता. त्याची नात आठवडाभर दिवस मोजत होती. पालिकेचे माती तपासणारे साहेब फाटकाला अहवाल चिकटवत होते. शेजारच्या मास्तरीणबाई चष्मा वर करून वाचत होत्या.

"काका, माती निर्धोक आहे," साहेब म्हणाले.

"कुठली?"

"बागेतलीच."

"गेल्या आठवड्यात दोन ट्रक लाल माती पसरलीत, त्यातली चिमूटभर उचललीत. खालचं कोण बघणार?"

"दुखतंय पोटात आणि साहेब तपासतात टोपी!" मास्तरीणबाई म्हणाल्या. चार माणसं हसली.

"काका, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण..."

"दुःखाचं माझं मी बघतो. तुम्ही खड्ड्याचं बघा." नळवाला झोपाळ्यावर जाऊन बसला. "हातभर खाली खणा. तोवर मी उठत नाही."

मास्तरीणबाई शेजारच्या झोपाळ्यावर बसल्या. साखळी करकरली. "माझ्या वजनाने तुटला, तर तो खर्चही तुमच्या अहवालात लिहा."

बघता बघता घसरगुंडीवरही माणसं बसली. साहेबांनी फोन केला, ऐकलं, पुन्हा केला. शेवटी खणणारा गडी आला.

"कुठे?" त्याने विचारलं.

नळवाल्याने चार जागा दाखवल्या. बरोबर चार.

हातभर खाली काळी माती लागली. जिभेवर चव यावी असा आंबट, धातूचा वास सुटला. कोणी हसलं नाही. साहेबांनी हातमोजे घालून पिशवी भरली, माती थापून सपाट केली, तोंड बांधलं, लाखेचं सील लावलं. पिशवी गाडीच्या टपावर ठेवली आणि वहीत जागा लिहिली.

वर पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"पिशवीला कोणी हात लावला?"

सगळे चार पावलं लांब उभे होते. सील शाबूत होतं. प्लास्टिकच्या आत मातीत खळगा होता.

"कडेला खाच आहे का?" नळवाल्याने बसल्या जागेवरून विचारलं.

साहेबांनी पिशवी डोळ्यांजवळ नेली. मग अहवाल फाटकावरून स्वतःच काढला आणि बागेला कुलूप घातलं.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, जिंकलात! आता तरी आराम करा."

"सगळी माती उचलेपर्यंत नाही," तो म्हणाला. "उद्या पुन्हा नवी लाल माती टाकतील. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसणार."

फोन ठेवून तो पलंगावर बसला आणि मोजे घालायला वाकला. उजव्या नडगीवर खळगा होता. त्याने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. पाइप पिळून रुंद झालेला तो अंगठा. आत मावला नाही. कडेची खाच मात्र बोटाला लागली.

"बरं," तो खिडकीतल्या कुंड्यांकडे बघून म्हणाला. "कळलं मला. पण आधी बाग."

त्याने मोजा वर ओढला. दुसरा मोजा हातात घेतला.

डाव्या नडगीवरचा खळगा अजून खोल होत होता.