चार बोटं उंची

दलिचंद शेठचा फोन सकाळीच आला. लग्नाला निघताना बायकोला कपाट उघडायला लावलं, तर सोन्याच्या पाटल्या नाहीत. कुलूप शाबूत.

फौजदार सुकदेव बागूल जळगावच्या दाणा बाजारामागच्या त्या घरी पोहोचले, तोवर शेठनी चोर ठरवलाही होता. भांडी घासणारी तानुबाई ओट्यावर बसली होती. पळून जाऊ नये म्हणून तिच्या चपला शेठनी आत ठेवून घेतल्या होत्या.

"साहेब, मी काहीच लिधं नही," ती शपथ घेत म्हणाली. "मना पोरस्नी आन."

"मग पाटल्या काय चालत गेल्या?" शेठ म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कबूल झाली नाही तर आत टाका हिला."

बागूलांनी आधी शेठच्या बायकोला, प्रेमकुंवरना विचारलं.

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"कमरेला. झोपतानासुद्धा."

"तानुबाईवर संशय आहे?"

"हे म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी पदर पुढे ओढला.

मागच्या दोरीवर गुलाबी घागरा वाळत होता. खालची दुमड उसवून तो चार बोटं लांब केला होता. जुन्या घडीची रेघ कापडावर तशीच होती. नवी कड हिरव्या दोऱ्याने शिवलेली.

"शिवण छान आहे. शिंपी कोण?"

"शिंपी कशाला? घागरा मुलीचा आहे. घरचं सगळं मीच शिवते."

मुलगी दारात उभी होती. मंजू, वीस वर्षांची, एकुलती. तिच्या डोक्यावर चौकट बरीच रिकामी होती. तिच्या खाटेखाली उंच टाचांचे सँडल निघाले.

"हे घालून कुठे जातेस?"

"धुळ्याला. रविवारी. मामाकडे."

"मामाकडे टाचा लागतात?"

मंजू रडली नाही. "मॉडेलिंगचा क्लास आहे," ती म्हणाली.

"कसला?" शेठनी विचारलं.

वर्ष शहाण्णव होतं. दोन वर्षांपूर्वी देशात सौंदर्याचे मुकुट आले होते. त्यानंतर धुळ्यातही क्लास निघाले. मंजूचा क्लास एका फोटो स्टुडिओच्या माडीवर होता; बागूल दुपारी तिथे पोहोचले. मालक मोतीलाल.

"छोट्या चणीच्या मुलींनाही मुंबईत मागणी आहे, साहेब. फक्त ट्रेनिंग पाहिजे."

"आजवर कुणाला काम मिळालं?"

"मिळेल ना."

"काम देणारा पैसे देतो. इथे उलटं कसं?"

"ट्रेनिंग कुठे फुकट असतं? तुमचं तरी होतं का?"

"आम्हाला ट्रेनिंगमध्ये पगार होता."

भिंतीवर उंची मोजायची पट्टी होती. बागूल बूट काढून तिला टेकले. मोतीलालने वाचलं, "पाच दहा! हिरोच की!"

भरतीच्या वेळी बागूल पाच फूट सात इंच भरले होते. तो आकडा कुठलाच पोलीस विसरत नाही. त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. पट्टीचे पहिले तीन इंच कापून टाकले होते.

मग पाटल्याही निघाल्या, ड्रॉवरमधून, कापडी बटव्यात.

"मुलीनेच आणून दिल्या," मोतीलाल म्हणाला. "चोरीच्या आहेत हे मला काय माहीत?"

बटवा हिरव्या दोऱ्याने शिवला होता.

संध्याकाळी बागूल मोतीलालला घेऊन शेठच्या घरी परतले. तानुबाई ओट्यावरच होती. त्यांनी तिला आत बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मंजूनं..." शेठ उठले.

"बसा. मंजू, घागरा आणि सँडल घालून ये."

ती आली. घागऱ्याची कड जमिनीला जेमतेम टेकत होती.

"मुलीला टाचांवर उभं केल्याशिवाय हे माप मिळत नाही," बागूल म्हणाले. "म्हणजे शिवणाऱ्या हाताला क्लास माहीत होता. त्याच दोऱ्याने बटवा शिवला. किल्लीही त्याच कमरेला. मुलीचं नाव घेतलं की घरचे तक्रार दाबतील, म्हणून मोतीलाल खोटं बोलला. बाई, पाटल्या तुम्ही दिल्या."

मोतीलालने मान खाली घातली.

"दिल्या," प्रेमकुंवर म्हणाल्या. आवाज सपाट होता. "पाहुणे बघायला येतात, बुटकी म्हणून उठून जातात. चार फूट अकरा. हा एकटाच म्हणाला, पाच दोन."

"पट्टी खोटी आहे हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. हिचे कपडे मीच शिवते, साहेब."

"तरी दिल्या?"

"तो नाही म्हणत नव्हता."

"आणि तानुबाई?"

"वाटलं, काही सापडलं नाही की सोडाल तिला."

तानुबाई उठली. "मन्या चपला द्या."

शेठनी स्वतः आणून तिच्यापुढे ठेवल्या.

"उद्या येशील ना?" प्रेमकुंवरनी विचारलं.

"नही, अक्का."

ती पायऱ्या उतरून गेली. मंजू आईकडे बघत होती.

"पहिल्याच दिवशी?" तिने विचारलं.

मंजूने वाकून सँडल काढले. घागऱ्याची कड जमिनीवर लोळली.