मागे घेतलेली तारीख

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत वीरेशचं मोबाइलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक संगणक, भिंतीवर कव्हरांच्या माळा, आणि दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवरूनच बोलायचं. तरी कंपनीच्या चकाचक शोरूमपेक्षा गर्दी इथेच जास्त. कारण साधं होतं. शोरूममध्ये कंपनी देईल तेवढंच मिळायचं, वीरेशकडे मागाल ते. गेम, पंचांग, भविष्य, बायकोच्या नावाची थीम, काय वाटेल ते तो केबल लावून फोनमध्ये उतरवून द्यायचा. हे कुठून आलं असं तो कधी विचारत नसे, गिऱ्हाईकही नाही. फोन बिचारा विचारायचा. 'हे भरवशाच्या ठिकाणाहून आलेलं नाही, तरीही पुढे जायचं?' असं पडद्यावर उमटायचं आणि वीरेश न वाचताच 'हो' दाबायचा. कंपनीचा एक माणूस येऊन बजावून गेला होता, बाहेरचं आत घेऊ नका, एक दिवस पस्तावाल. वीरेशने त्याला चहा पाजला आणि त्याच्याच फोनमध्ये एक गेम टाकून दिला.

एक अडचण मात्र रोजची होती. बाहेरून आलेल्या सॉफ्टवेअरची मुदत बऱ्याचदा संपलेली असायची आणि फोन ते घ्यायला नकार द्यायचा. त्यावर सगळ्या दुकानदारांची एकच युक्ती. फोनची तारीख वर्षभर मागे न्यायची. फोनला वाटतं अजून मुदत आहे, तो मुकाट्याने घेतो. मग तारीख पुन्हा जागेवर आणायची आणि फोन गिऱ्हाइकाला द्यायचा. यात कुणाला फसवतोय असं वीरेशला कधी वाटलं नाही. फसवायचं ते फोनला, माणसाला थोडंच?

दोन हजार आठच्या जानेवारीत एका संध्याकाळी पायरीशी पायताण करकरलं. मान वर न करताच वीरेशने ओळखलं, पिराजीमामा.

मामा गडमुडशिंगीचे. चार म्हशी आणि एक जुनी मोटारसायकल, तिला दोन्हीकडे कॅन बांधून ते शहरात दूध घालायचे. वीरेशच्या घरीही त्यांचंच दूध. त्यांच्या पायताणाची करकर अख्ख्या गल्लीला पाठ होती, आणि चेष्टामस्करीही. पण वर्षभरापूर्वी तानामामी गेली. माघी पौर्णिमेला नृसिंहवाडीला निघाली होती. शिरोळच्या अलीकडे तिची वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. तेव्हापासून मामांची करकर तेवढी ऐकू यायची, शब्द नाही. आज ते आपणहून दुकानात आले, याचंच वीरेशला बरं वाटलं.

"बसा की मामा. च्या सांगतो."

"च्या ऱ्हाऊ दे मालक." मामांनी खिशातून फोन काढला. अडीच वर्षांपूर्वी नवरा-बायकोने वीरेशकडूनच एका दिवशी सारखे दोन फोन घेतले होते, त्यातला हा एक. दुसऱ्याचा जीपमध्ये चुरा झाला. "त्यो हाटेलवाला सकाळी फोनवर दहा लिटर सांगतोय, आन् सांजच्याला म्हणतोय मी कुठं सांगितलं? बोललेलं धरून ठिवायचं काय निघालंय म्हणं."

निघालं होतंच. वीरेशने केबल लावली, तारीख वर्षभर मागे नेली, 'हो' दाबलं. तेवढ्यात दारात कॉलेजची पोरं घुसली, बाहेर कॅनमधलं दूध खोळंबलं होतं, मामांना घाई. "झालं व्हय?" म्हणत त्यांनी फोन उचलला आणि गेले. तारीख जागेवर आणायची राहून गेली. वीरेशच्या हे ध्यानातही आलं नाही.

आठवड्याने मामा पुन्हा आले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. चेहऱ्यावर भीती होती की आनंद, वीरेशला सांगता येईना.

"मालक, त्यात एक ऐकायचं हाय."

त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. आधी मोटारसायकलचा आवाज, मग तो बंद. मग एका बाईचा आवाज, किंचित घोगरा, घाईचा.

"कुठं हाईसा? भाकरी थापू का थांबू?"

बराच वेळ अलीकडे नुसता श्वास. मग मामांचा आवाज, फाटलेला. "ताने?"

"आवं व्हय, मीच. दुसरी कोण फोन करतीया तुम्हाला?"

वीरेशने ध्वनिमुद्रण थांबवलं. जुनं असेल, असं तो आधी म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते पटेना, कारण ही सोय त्या फोनमध्ये येऊनच आठवडा झाला होता. त्याने तानामामीचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाईने तीन भाषांत ऐकवलं. मग त्याने मामांचा फोन उलटासुलटा पाहिला, आणि तेव्हा कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. साल दोन हजार सात.

"मामा, माझी चूक झाली. तारीख..."

"तिला तेवढा हात लावू नगा," मामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी फोन झाकला, थंडीत कोंबडीचं पिल्लू झाकतात तसा. "रोज सांजचं करती. भाकरीचं इचारती, म्हशीचं सांगती. मी नुसतं व्हय व्हय करतो."

वीरेश शिकलेला माणूस होता, दोन वर्षं पॉलिटेक्निक केलेला. कुणीतरी थट्टा करतंय, नंबर चोरलाय, काहीतरी असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. तो समजावतच होता, तोवर मामांच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर 'ताना'.

मामांनी स्पीकर लावला. रस्त्यावर रिक्षा जात होत्या, समोरचा भडंगवाला पातेलं खडखडवत होता. सगळं जिथल्या तिथे होतं.

"कोण हाय वो शेजारी? गलका येतोय."

"वीरेशमालकाच्या दुकानात हाय."

"व्हय? द्या की त्यांच्याकडं." वीरेशने फोन घेतला. "मालक, सुष्मिताला बरं हाय न्हवं? दिवस भरत आलं की तिचं. काळी म्हस व्यायली की चीक पाठवून देते, खरवस करून घाला. आन् ऐका, पोरगीच हाय बघा. माझं कवा चुकत न्हाय."

घरी सुष्मितापाशी वीरेशची अकरा महिन्यांची लेक रक्षिता त्या वेळी पलंगाला धरून उभी राहायला शिकत होती.

"व्हय मामी," वीरेश म्हणाला, "पोरगीच." भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती माया. हा आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्या दिवसापासून मामा संध्याकाळी दुकानातच येऊन बसू लागले. फोन यायचा, दोघं बोलायचे. बोलणं तरी काय, पेंडीचं, रेडकाचं, शेजारणीशी झालेल्या भांडणाचं. वीरेश दुसरीकडे बघून कव्हरं पुसत राहायचा. मामांच्या गालांवर रंग परत येत होता. आणि फोनच्या कोपऱ्यातली तारीख रोज एक दिवस पुढे सरकत होती.

"पौर्णिमा जवळ आली मालक," एका संध्याकाळी मामा म्हणाले. "फोनातली."

वीरेशलाही ते ठाऊक होतं. दोन फेब्रुवारी. रात्री त्याला झोप लागत नव्हती ती त्यामुळेच. "परत मागं घेऊ की. अजून एक वर्ष. हाय काय त्यात?"

मामांनी मान हलवली. "म्हंजी तिला परत त्याच वाटंनं चालवत आणायची. परत त्या ट्रॉलीपतोर. किती बारीला मारायची? न्हाय मालक. मी तिच्याशी बोलतो."

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मामा पायरीवर बसले होते. त्यांनी स्पीकर लावला.

"ताने, उद्या वाडीला जाऊ नगंस."

"आवं काय बोलतासा? तुमच्या डोळ्याच्या आपरेशनला बोललेला नवस हाय. उद्याची शेवटची पौर्णिमा. घरातलं कुणीतरी दत्ताच्या पायाशी जायाच पायजे. नवस असा अर्धा सोडत्यात व्हय?"

मामांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"कुणीबी गेलं तर चालतंय न्हवं?"

"चालतंय की. घरातलं पायजे."

"मग मी जातो."

वीरेशच्या हातातलं कव्हर खाली पडलं. "मामा, नगा!" तो ओरडलाच.

"काय म्हणत्यात वो मालक?"

"काय न्हाय. च्या घ्या म्हणत्यात." मामांनी वीरेशकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण ओठांवर हसू. "म्हशी तू पिळ उद्या. दूध बी तूच घाल. मालकाचं घर ठावं हाय न्हवं?"

"ठावं नसायला काय झालं? जावा मग. मफलर बांधा, थंडी लई हाय."

"बांधतो."

फोन बंद झाला. वीरेशने मामांचं मनगट धरलं. "द्या तो फोन. तारीख पुढं घेतो. आत्ताच्या आत्ता सगळं थांबंल."

"असू दे मालक." त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. "उद्या दूध यील. काळजी करू नगा."

पायताण करकरत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. वीरेश ऐकत उभा राहिला.

सकाळी त्याला जाग आली ती दारातल्या बोलण्याने. सुष्मिता कुणाशी तरी बोलत होती. घोगरा, घाईचा आवाज.

तो तसाच उठून बाहेर आला. तानामामी मापाने दूध ओतत होती. कपाळ मोकळं होतं. रक्षिता तिच्या पदराला लोंबकळत होती, रोजच्या ओळखीची.

"मामा कुठं आहेत?" वीरेशने विचारलं.

सुष्मिताने चमकून त्याच्याकडे पाहिलं. मामी खाली मान घालून कॅनचं झाकण लावत राहिली. ती गेल्यावर सुष्मिता रागावली. "असं विचारतात होय? वर्ष झालं आज त्यांना. तुम्हीच तर खांदा दिला होता."

वीरेशचा खांदा दुखत होता.

संध्याकाळी मामी दुकानात आली. हातात तिचा फोन. जोडीतला दुसरा, धड, नुसती एका कोपऱ्याला चीर.

"मालक, त्यो हाटेलवाला बोललेलं नाकारतोय. बोललेलं धरून ठिवायचं काय हाय म्हणं तुमच्याकडं. तेवढं घालून द्या की."

त्याने केबल लावली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला नाही.

'हे सॉफ्टवेअर या फोनमध्ये आधीपासूनच आहे.'

आत एकच ध्वनिमुद्रण होतं. वीरेशने इअरफोन कानाला लावला. मामीला दिसू नये म्हणून तो भिंतीकडे वळला.

*मग मी जातो*, मामांचा आवाज म्हणाला. त्याच्यामागून दुसरा आवाज ओरडला, *मामा, नगा!* तो वीरेशचा स्वतःचा होता.

*काय न्हाय. च्या घ्या म्हणत्यात.*

भडंगवाल्याचं पातेलंही त्यात खडखडत होतं.

"झालं व्हय, मालक?"

तो वळला. मामी पायरीवर उभी होती, एका वर्षात दहा वर्षांनी वाकलेली. मामांचं म्हणणं त्याला आठवत होतं, किती बारीला मारायचं, ते. पण समोर ही उभी होती. त्याला राहवलं नाही. त्याने तारीख मागे नेली. या वेळी एक नाही, दोन वर्षं.

"झालं, मामी. फक्त तारखेला हात लावू नका."

ती गल्लीच्या टोकाला पोहोचली असेल नसेल, तोच फोन वाजल्याचा आवाज आला. मामी थांबली. तिने फोन कानाला लावला, आणि मग भिंतीला टेकून मटकन खाली बसली. वीरेशने शटर अर्धं ओढून घेतलं. त्यांचं ते त्यांनी बोलावं.

ते वर्ष चांगलं गेलं. मामी हसायला लागली, रक्षिता बोलायला. दुधाच्या कॅनबरोबर गल्लीत चेष्टाही परत आली. वीरेशने बाहेरचं सॉफ्टवेअर टाकणं बंद केलं, गिऱ्हाइकं तुटली तरी. आणि मामीला त्याने कधी काही विचारलं नाही.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, दोन तारखेच्या आदल्या संध्याकाळी, मामी दुकानावरून गेली. थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "उद्या दूध यील हं मालक. काळजी करू नगा."

सकाळी वीरेश अंथरुणातच डोळे उघडे ठेवून पडला होता. शेजारी सुष्मिता आणि रक्षिता गाढ झोपेत. बाहेर मोटारसायकल थांबली. कॅनचं झाकण वाजलं.

मग पायरीशी पायताण करकरलं.