मागं सरून बघायचं चित्र

खरी गोष्ट आहे, गळ्याशपथ. या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे मी तेव्हा नल्लकुंट्यातल्या माझ्या घरी घोरत होतो. पाहिलं ते उमाजीनं. पण उमाजीनं मला सांगितलं, म्हणजे मीच पाहिल्यासारखं. भारती, दार लोटून घे. दिवा राहू दे.

साल छप्पन्न, ऑक्टोबरची एकतीस तारीख. उजाडलं की हैदराबाद स्टेटचे तुकडे पडायचे होते. मलकपेठेत राहणाऱ्या हिम्मतराव पेशकारांची बदली औरंगाबादला झालेली, ट्रंका बांधून तयार. तरी दिवेलागणीला त्यांनी उमाजी गड्याला जामबागेत धाडलं. एका देवडीतल्या, म्हणजे नवाबी हवेलीतल्या, सामानाच्या हर्रासात बोली लावून त्यांनी एक चित्र घेतलं होतं, ते आणायचं होतं. नव्या बैठकीत शोभेल म्हणून.

कुण्या फिरंगी चिताऱ्यानं काढलेलं नदीकाठचं गाव. उमाजीनं रिक्षात कापड वर करून पाहिलं, तर गाव कुठलं, नुसते रंगाचे फरकाटे. "मालक, हे तर इस्कटलंय," तो घरी येऊन म्हणाला.

"हौ रे, शहाण्या. हे मागं सरून बघायचं असतं."

माडीवर ट्रंकांनी पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून उमाजी चित्र छातीशी धरून दारात उभा राहिला आणि हिम्मतराव बाहेर सज्जात, तिथल्या दिव्याच्या उजेडात, मागं सरू लागले. सज्जाचा कठडा त्या पावसाळ्यात ढासळलेला होता. उमाजीला चित्र दिसेना. दिसत होता तो फक्त मालकाचा चेहरा.

"हां, घरं दिसली." पाऊल मागं. "पाणी. वा, काय ऊन पडलंय." आणखी एक पाऊल. "होडी..."

हसू मावळलं.

"होडीला कोण लोंबकळतंय?"

उमाजीचा थोरला भाऊ दत्तोबा गोदावरीवर होडी चालवायचा. अठ्ठेचाळीस साली, रझाकारांच्या धामधुमीत, हिम्मतरावांचं बिऱ्हाड त्यानंच नदीपार केलं. तो मात्र परतला नाही. होडीतून तोल जाऊन भोवऱ्यात गेला, असं हिम्मतरावांनी सांगितलं आणि उमाजीला घरी ठेवून घेतलं. प्रेत कधी सापडलं नाही. भाऊ कसा गेला, हा एकच घास उमाजीच्या घशात अडकून होता.

"दत्तोबा, हात सोड," हिम्मतराव हळूच म्हणाले. "होडी बुडतेय. पोरं आहेत आत."

जवळ यावं तर चित्राचे पुन्हा नुसते फरकाटे व्हायचे. भिऊन मागं जावं तर आणखी उमटायचं. ते मागंच गेले.

"सोड म्हणतो ना..."

उजवा हात वर गेला. हातात कोयता नव्हता. तरी तो खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. ऊस तोडावा तसा.

"पोरांनो, पायाशी बघू नका... बोटं आहेत..."

उमाजीनं चित्र खाली ठेवलं नाही.

"पालथं धर, उमाजी."

नाही धरलं.

"तो बाहेर... येतोय..."

मागं. आणखी मागं.

खाली शहाबादी फरशीवर आवाज झाला. नारळ फुटावा तसा.

तुम्ही म्हणाल, कठडा नव्हता तर उमाजीनं हाक का मारली नाही? आता खरं सांगतो. कठड्याचं ते मी रचलं. गोष्ट सरळ उतरावी म्हणून. कठडा दगडी होता, छातीएवढा. आजही शाबूत आहे, मलकपेठेत जाऊन बघा. आणि शेजारी धावत वर आले तेव्हा उमाजी दारातच होता, चित्र तसंच छातीशी धरून.

खाली हिम्मतराव उताणे पडले होते. पांढऱ्या कोटावर, छातीशी, नदीच्या गाळाचे दोन ओले ठसे होते. नुसते तळवे.

बोटं नव्हती.