काय हा अवतार!

तोत्तोरीला जायचं, चिझुरूच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

मी सायोको. नागोयात दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. दिवसभर तोंडावर मास्क. माझा चेहरा कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून संध्याकाळी डोळ्यांवर हेडसेट चढवून मी इंटरनेटवरच्या एका चहाघरात जायची. तिथे माझा अवतार चंदेरी केसांचा, कोल्ह्याच्या कानांचा. मी आत शिरले की माणसं सरकून जागा द्यायची.

मार्चमध्ये तिथे चिझुरू आली. सगळ्यांचे अवतार देखणे. हिने मात्र स्वतःचाच चेहरा घडवून आणला होता, डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याच्या चट्ट्यासकट.

"इथे तरी लपवायचं नाही, असं ठरवलंय," ती म्हणाली.

"अगं बाई, काय हा अवतार!" मी म्हणाले. सगळे खदखदून हसले.

मग तो खेळच झाला. ती जवळ आली की मी मागे सरायची आणि माझ्याबरोबर अख्खं चहाघर. महिनाभर तिने सोसलं. शेवटच्या दिवशी माझ्या कानाशी येऊन ती एवढंच म्हणाली, "माझ्या जागी तू येशील."

जूनमध्ये चहाघर चालवणाऱ्या मिनेकोने सांगितलं, चिझुरू समुद्रात बुडून गेली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मी चहाघरात गेले. बोलणी थांबली. एकेक जण मागे सरकला.

"सायोको... असली थट्टा बरी नव्हे," मिनेको म्हणाली. "तिचा चेहरा काढ आधी."

"कुणाचा चेहरा? मी तर नेहमीचीच आहे!"

मला चहाघरातल्या आरशात माझे चंदेरी केसच दिसत होते. मिनेकोने तिला दिसत होतं त्याचं चित्र पाठवलं. माझ्या नावाखाली चिझुरू उभी होती. हसत होती.

मी अवतार पुसला, नवा घेतला. एकामागून एक सात घेतले. मला दर वेळी नवा दिसायचा, लोकांना तीच. हेडसेट काढला तरी केस जळाल्याचा वास नाकातून जाईना. शेवटी मिनेकोकडून चिझुरूच्या घरचा, तोत्तोरीचा पत्ता घेतला. म्हटलं, जाऊन माफी मागावी.

चिझुरूच्या आईने दार उघडलं. मी नाव सांगायच्या आतच तिने माझा हात धरला.

"आलीस? किती गं उशीर केलास!"

मला वाटलं, म्हातारीची नजर अधू असेल. आतल्या खोलीत देव्हाऱ्यापाशी उदबत्ती आधीच जळत होती. मी गुडघे टेकले, वर पाहिलं...

फोटो माझा होता. मास्कशिवायचा. ओठाजवळच्या तिळासकट. तसा फोटो मी कुणाला कधी काढूच दिला नव्हता.

"ही... ही कोण?"

"तुला हसायची ना, ती. गेली बिचारी." आईने फोटोवरची राख मायेने बोटाने पुसली. "तूच नाही का म्हणालीस, तिचा फोटो इथे ठेव म्हणून?"

"मी चिझुरू नाही हो, मी..."

"असू दे, असू दे. बोलू नकोस." ती आत गेली आणि बर्फाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल घेऊन आली. "आग होतेय ना?"

तिने रुमाल अलगद माझ्या डाव्या गालाला लावला.

त्यातून वाफ निघाली.