आईअण्णांची गादी

आमच्याकडे काहीही आलं की आधी फाडायचं, मग भिजवायचं, वाफवायचं आणि त्यात बुरशीचं बियाणं कालवायचं. पुठ्ठे, भाजीचे देठ, सर्जापूर रोडच्या सोसायट्यांमधलं उरलंसुरलं, जुने सुती कपडे. बुरशीचे पांढरे धागे त्यावर एन्झाइम सोडतात, त्यानं कापूससुद्धा विरघळतो आणि शेवटी काळी माती तेवढी उरते. बंगळुराजवळ आनेकलच्या शेडमध्ये रोशन आणि मी हाच उद्योग करतो. माझा हा भागीदार नागपूरचा, शांत डोक्याचा. डोकं फिरतं ते माझं.

अण्णा, म्हणजे माझे वडील गेले आणि आईची झोप उडाली. बनशंकरीच्या घरात दोघांची कापसाची डबल गादी होती, लग्नात निपाणीहून आलेली. तिच्यावर एकटीला पडवेना म्हणून आई चटईवर पडायची, छताकडे बघत. गोळ्यांनी गुंगी यायची, झोप नाही. डोळे खोल गेले, जेवण तुटलं. अशानं हीसुद्धा हातची जाईल, या भीतीनं माझा जीव तीळतीळ तुटायचा, आणि मी खेकसायचे मात्र तिच्यावरच. शेवटी म्हटलं, ती गादीच घरातून घालवते. गेलेल्या माणसाची गादी कोणी घेईना, कचऱ्याची गाडीही घेईना. मग शेडवर न्यायचं ठरवलं.

"सरी, ने," आईनं कानडीत होकार दिला. "पण फाडू नकोस गं."

न फाडता बुरशी आत शिरत नाही, हे तिला काय सांगणार, कपाळ? हो म्हणून बसले. गादी अख्खीच वाफवली आणि हौदात पसरली. रोशननं नुसत्या भुवया उंचावल्या.

धागे कडांच्या शिवणींतून शिरले आणि भराभर आत आले. उजवी बाजू तर पार माती झाली. डाव्या बाजूला मात्र एक लांबट भाग कोराच राहिला. वाफ कमी पडली असेल म्हणून मी तिथे आणखी बियाणं टाकलं, पाणी मारलं. बियाणं वाळून गेलं. कापसात कुशीवर झोपलेल्या उंच माणसाएवढा खळगा होता, अण्णांएवढा.

रोशन म्हणाला, इतकी वर्षं माणूस एकाच जागी झोपला की कापूस दबून घट्ट बसतो, आत हवा जात नाही. मला ते पटलं. मग मी हात ठेवून बघितला तर कापूस उबदार लागला. बुरशी कामाला लागली की ऊब येतेच, पण तिथे तर बुरशीच नव्हती.

हे घरी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. आई रडेल असं वाटलं होतं. ती चक्क हसली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. चटईवरही ती आता मधोमध पडेना, डावी बाजू मोकळी सोडायला लागली. निदान जेवते तरी आहे म्हणून मी तिला तसंच पडू दिलं.

आज दुपारी शेडवर पोचले तर रोशन हौदाशी उभा होता. उजवीकडे, जिथे काल माती होती, तिथे कापूस होता. कोरडा, पांढरा. त्यात दुसरा खळगा पडला होता, लहानसा, गुडघे पोटाशी घेतलेला. आई तशीच झोपते. त्याच्या पायांशी बुरशीचे धागे येऊन टेकले होते.

"आधी घरी फोन लाव," रोशन म्हणाला.

बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"झोप लागली होती गं," आईचा आवाज जड होता. "किती दिवसांनी. का उठवलंस?"

समोरचा खळगा हळूहळू भरून वर आला.

"आई, आता पडू नकोस. बसून राहा. मी निघाले."

"ये सावकाश. पायांना तेवढं गार लागतंय बघ. स्वल्प पडते."

कापूस पुन्हा दबला. धागे घोट्यांवर चढले.

फोन कानाशी तसाच धरून मी गुडघ्यांवर बसले आणि मोकळ्या हातानं ते धागे ओरबाडायला लागले.

"हळू गं भाग्या," आई झोपेत म्हणाली. "नखं लागतात."