भिंगरीचे फर्मे

जोडे शिवणाऱ्यांमध्ये त्याच्याइतका चिकित्सक माणूस शोधून सापडला नसता. फर्मा, म्हणजे पायाचा लाकडी साचा, तो स्वतः घडवायचा, आणि तोही पांढऱ्या, घट्ट पोताच्या लाकडाचाच. ते वाकत नाही, त्याला वास नाही, आणि अंगठ्याचं नख कितीही रुतवलं तरी त्यावर वळ उठत नाही. नख रुतवून पाहिल्याशिवाय तो लाकूड घेतच नसे.

"लाकूड आहे बाबा, भाजी नव्हे," वखारवाला चिडवायचा.

या वेळचे फर्मे त्याच्या लेकीचे होते. तिच्या पायाला सदा भिंगरी, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलेलं. माप घेताना धड उभी राहील तर शपथ!

"बाबा, आटपा ना लवकर. शर्यत आलीय माझी."

जोडे फर्म्यांवर चढले, तळ ठोकून झाले. फर्मा काढायला त्याने हात घातला तर लाकूड कोमट लागलं. उन्हाने तापलं असेल, असं म्हणावं तर त्या खोलीत ऊन येतच नव्हतं. त्याने सवयीने नख रुतवलं.

वळ उठला. मग हळूहळू भरून आला.

तेवढ्यात आतून बायकोची हाक आली. "अहो, हिला बघा ना! पाय बधिर झालेत म्हणतेय."

भिंगरीचे पाय थंडगार होते. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. ती नुसती बघत राहिली.

"नसा तर ठीक वाटताहेत," डॉक्टर म्हणाले. "थोडे दिवस वाट बघू."

तो कामाच्या खोलीत परतला आणि दात-ओठ खाऊन त्याने फर्मा ओढला.

भिंतीपलीकडून किंकाळी आली. "बाबा! पाय नका ना ओढू!"

त्याने फर्मा सोडून दिला. ओढायची सोय नाही, कापायची नाही, जाळायचं तर नावच नको. फर्म्यांसकट जोडे त्याने मऊ कापडात गुंडाळून फळीवर ठेवले.

"माझे पाय घे रे," तो त्या लाकडाला म्हणाला. "तिचे सोड." आणि ढसाढसा रडला.

शर्यतीच्या दिवशी तो तिच्या पायाशी बसून राहिला. दुपारी तिचा डोळा लागला. झोपेत ती धापा टाकत होती, मधूनच हसत होती.

त्याने हलकेच तिच्या तळव्यात नख रुतवलं.

वळ उठला नाही.

तो धावतच कामाच्या खोलीत गेला. कापड जमिनीवर पडलं होतं.

जोडे फळीवरच होते, शेजारी शेजारी. नव्या कोऱ्या तळांना ओला चिखल लागला होता, आणि टाचा झिजल्या होत्या.